मांडवात घ्यायचं नाव

४ एप्रिल

त्या दिवशी सकाळी मी भाकरीची उकड काढत होते. पीठ आधणात टाकलं आणि बाहेर टँकर आला. गॅस बारीक केला, धावले, ड्रम भरला, पाइप पुढच्या घराला दिला. पाऊस कोसळत होता तरी टँकर लागायचा. अंगणात गुडघाभर पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी त्या प्लॉटवरची पहिली वर्षं. आत आले, हात ओला केला, पहिली भाकरी थापली. हे ओट्याला टेकून कोरा चहा पीत होते. फोन वाजला. ह्यांचा फोन मोठ्याने बोलायचा, मला सगळं ऐकू आलं.

"दादा, बांधाची उघाडी तुंबली. पानी माजे गोडावनान शिरतंय. ओहोटी लागली हाय, जरा बघून ये."

हे म्हणाले, "जातंव." कप ठेवला. अर्धा चहा तसाच. तव्यावरची भाकरी फुगली, ती मी ह्यांच्यासाठी बाजूला काढली.

हे पुन्हा का लिहितेय, तर आज त्याच माणसाच्या घरून निरोप आला. पोरीचं, पूर्वाचं, लग्न ठरलंय. मांडव अठ्ठावीसला. धवले गायला, धवलारीण म्हणून, मीच यावं.

जनार्दन त्याचं नाव. पुढे नुसता ज. लिहीन. ह्या वहीत त्याला एका अक्षराच्या वर जागा नाही.

५ एप्रिल

निरोप आणणाऱ्या बाईला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला चहा दिला. तिचा काय दोष.

वैशालीला फोन केला. ती ऐरोलीला, कामावर होती, हळू आवाजात बोलत होती. "आई, सरळ नाही सांग ना. टेन्शन कशाला घेतेस? तुझ्याशिवाय त्यांचं अडलंय, तुझं नाही."

बरोबर बोलली. अडलंय त्यांचंच. मी विधवा. हळद लावायला मी चालत नाही, ओटी भरायला चालत नाही. पण मी दिव्यापाशी बसून धवला गायल्याशिवाय आमच्यात पोरीला हळद लागत नाही. सासूबाईंनंतर आमच्या गावच्या मांडवात मीच.

नाही म्हणायचं. ठरलं.

७ एप्रिल

अजून निरोप पाठवला नाही. नाही म्हणण्यात मजा येईना. त्याला काय होणार? दुसरी आणेल. गाडी पाठवून आणेल.

सकाळपासून विमानं जातायत. पहिलं विमान गेलं तेव्हा सगळी पोरं गच्चीवर होती. मी खाली भांडी घासत होते. जिथून ते उडतं तिथे आमची चूल होती. त्या आवाजाला मान वर करायची नाही असं मी तेव्हा ठरवलं.

९ एप्रिल

आज कपाट आवरताना ह्यांची टॉर्च सापडली. सेल गंजून आत चिकटलेत. त्यावरून पहिले दिवस आठवले.

विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा सगळे भाड्याच्या खोल्यांत गेले, उलव्यात, पनवेलला. हे म्हणाले, भाड्याने राहायला आपण काय पाहुणे? नव्या प्लॉटवर पहिलं घर आमचं उभं राहिलं. प्लॉटला नंबर होता, रस्ता नव्हता. चहूकडे मुरमाचे ढीग. संध्याकाळी ढिगावर कोल्हा बसलेला असायचा, आमच्याकडे बघत, जणू आम्हीच त्याच्या जागेत आलोय. दुपारी भोंगा व्हायचा, मग डोंगरात सुरुंग. मांडणीवरची ताटं वाजायची. मी ताटं धरून उभी राहायचे. हे हसायचे.

आणि माणसं यायची. कुठून कुठून. गॉगल घातलेली, बुटांना चिखल लागलेली. साताऱ्याकडचे, गुजरातचे, मुंबईचे. सगळे एकच विचारायचे, "मावशी, प्लॉट आहे का कोणाचा?" मी पाणी द्यायचे तर पाणी पितापिताही विचारायचे. जमिनीत सोनं सापडलंय असे चेहरे. ज्या मिठाच्या रानात आम्ही शेळ्याही नेत नव्हतो, तिथे लोक पावलं टाकून मापं घ्यायचे.

ज. आमच्यासारखाच. ह्यांच्याबरोबर एका होडीत चिंबोऱ्या पकडलेला. पहिला डंपर घेतला तेव्हा नारळ ह्यांनी फोडला. मग भरावाची कामं, मग गोडाऊन, मग शेठ. गळ्यात एवढी जाड साखळी की मान पुढे ओढलेली दिसते.

ह्यांनी काही घेतलं नाही. घर बांधलं आणि उघाडी सांभाळली. गाव गेलं तरी बांध थोडा उरला होता आणि बांधाच्या पोटातलं ते दारही. ओहोटीला उघडायचं, साचलेलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीच्या आधी लावायचं. सासऱ्यांचं काम ह्यांच्याकडे आलं. पगार नाही, कोणी नेमलेलं नाही.

१० एप्रिल

भीमाआये आली. ज. ची आई. काठी टेकत, रिक्षा कोपऱ्यावर सोडून. ज. ने पाठवली नसणार, ती कोणाचं ऐकत नाही.

"बाय गो, ये ना. तो म्हनतंय पनवेलची आनतंव. तिला आपले देव म्हायती तरी हायत का? वेताल कुठं होता, गावदेवीचा झाड कुठला? ती कोनाला बोलवनार? सोसायटीच्या वाचमनला?"

मला हसू आलं. तिच्यासमोर हसायचं नव्हतं.

जाताना दारात थांबली. ह्यांच्या फोटोकडे बघत राहिली. तिला माहीत आहे का? तिच्याच घरातून फोन झाला होता. म्हातारी माणसं सकाळी जागीच असतात.

१२ एप्रिल

कसं झालं ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

ज. ला कंपनीचं काम मिळालं होतं, बांधालगत भराव टाकायचं. ह्यांनी त्याला सांगितलं होतं, उघाडीचं तोंड तेवढं सोड. तो म्हणाला, सोडतंव दादा. डंपरवाल्यांनी टाकला तो तोंडावरच टाकला. पावसात पाणी तुंबलं, त्याच्याच गोडाऊनमध्ये सिमेंटच्या गोण्यांना लागलं. तेव्हा दादा आठवले.

हे गेले. ओहोटीत खाली उतरले, नेहमी उतरायचे तसेच. आमच्या माणसाला बांध म्हटलं की पाय आपोआप पडतो, वर्षानुवर्षं तुडवून दगड झालेली माती ती. पण तिथे आता बांध नव्हता, काल टाकलेला मुरूम होता. पावसाने भिजलेला. तो वरून बसला आणि हे पाण्याखाली दबले. दुपारी काढलं त्यांना.

पोलिसांनी अपघात लिहिला. तो अपघातच. त्याबद्दल मी भांडले नाही.

पण कंपनीची माणसं विचारायला आली तेव्हा ज. म्हणाला, "सकाली सकाली पिऊन गेलता. मीच अडवत व्हतो." मग तेच गावभर झालं. बाराव्याला माझ्या दारात बसून लोक म्हणाले, "मानूस चांगला व्हता, पन दारू वंगाल."

वैशाली जन्मली त्या दिवशी ह्यांनी सोडली होती. त्यानंतर हळदीलासुद्धा नाही. आमच्यात हळदीला न पिणारा माणूस म्हणजे चेष्टेचा विषय. सगळी चेष्टा सहन केली आणि मेल्यावर हे.

मेल्याचं दुःख आहेच, ते माझ्याबरोबर जेवतं, झोपतं, त्याची सवय झाली. ह्याची होत नाही.

१३ एप्रिल

ज. ची गाडी आमच्या गल्लीत चिखलात रुतली होती एकदा. मी खिडकीतून पूर्ण बघितली. चाक फिरत होतं, चिखल त्याच्याच काचेवर उडत होता. त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१६ एप्रिल

ज. च्या ऑफिसात गेले. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर बुरुजांसारख्या बिल्डिंगांची चित्रं.

"बस वयनी. चा सांगू?"

"चा नको. मांडवाला येते मी. पन आधी सगल्यांसमोर सांग, ते पिऊन नव्हते."

त्याने दाराकडे बघितलं. "हलू बोल. कंपनीचा मानूस बसलाय भाईर."

"तूच फोन केलतास."

"फोन काय, मी रोज शंभर जनांना करतंव."

"मंग शंभर जनांना सांग ना."

मग बोटातली अंगठी फिरवत म्हणाला, "जुना कशाला उकरतंस? पोरीचा लगीन हाय. तुजे घरावर वरचा मजला बांधून देतंव. भाडा येल तुला. बस?"

मी उठले. दार ढकलायचं की ओढायचं कळेना, दोन्ही करून बघितलं. तो मागून म्हणाला, "वढ." त्याच्या सांगण्याने दार उघडलं ह्याचाही राग आला.

बसस्टॉपवर येऊन बसले. मी मरेन तर ज. च्या नंतर मरेन. देवापाशी एवढंच मागणं.

१९ एप्रिल

पूर्वा आली. एकटी, स्कूटीवरून. ड्रेसच्या रिकाम्या बॉक्समध्ये जुन्या गावच्या कैऱ्या. आमच्या झाडाच्या कलमाच्या, ज. ने आपल्या बंगल्यात लावलंय ते. मला माहीत नव्हतं. आमचं झाड त्याच्या अंगणात.

लहानपणी ही पोर माझ्याच घरी जेवायची. ह्यांच्या खांद्यावर बसून उघाडीवर जायची. ह्यांनी तिला पाण्याचं दार कसं उचलतात ते दाखवलं होतं.

"काकी, पप्पा म्हणाले तुम्ही नाही येणार. माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकायचं."

"मग? आजी म्हणते तुम्ही नाही गायलात तर ती मांडवात पाऊल टाकणार नाही. मला पण ती दुसरी नकोय. तुम्हीच पाहिजे."

म्हटलं, बघू. कैऱ्या ठेवून गेली. पोरगी समोर असली की ज. दिसत नाही तिच्यात, हीच अडचण.

कैऱ्यांचं लोणचं घालणार नाही. तशाच आहेत टोपलीत.

२० एप्रिल

लोणचं घातलं. झाड तर आमचंच.

२३ एप्रिल

आज तांदूळ निवडता निवडता सासूबाई आठवल्या. मला धवला शिकवताना ओट्यावर बसवायच्या, चुकलं की सूप आपटायच्या. मांडवात आधी देव बोलवायचे. मग घरचे मेलेले, नाव घेऊन. एकेकाचं नाव घेतलं की गाण्यातच विचारायचं, हा कशाने गेला? घरच्या कर्त्याने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. तापानं, म्हातारपनानं, साप चावून. खरं तेच सांगायचं, कारण मेलेला ऐकत असतो. उत्तर मिळालं की कर्त्याने आपल्या हाताने त्याचं पान वाढायचं. उत्तर नाही तोवर धवला पुढे जात नाही, आणि धवला संपत नाही तोवर हळद लागत नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला पान खाडीत सोडायचं, तेही कर्त्यानेच.

मी विचारलं होतं, फक्त घरचेच बोलवायचे का?

त्या म्हणाल्या होत्या, "घरचे. आन घराचे कामाला जो मेला तो बी घरचाच. आपले बांधावर दुसऱ्याचा गडी बुडाला व्हता, त्याचा पान तुजा सासरा वाढायचा."

सूप खाली ठेवलं. ज. च्या घरचे मेलेले बोटांवर मोजले, शेवटी ह्यांना धरून.

२४ एप्रिल

भीमाआयेकडे निरोप पाठवला, येते. अट नाही.

ज. चा लगेच फोन. आवाजात साखर. "वयनी, मना म्हायती व्हता तू मोठ्या मनाची. साडी पाठवतंव, कोनता रंग आवडतं?"

म्हटलं, कोणताही पाठव.

वैशालीला खरं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि पूर्वा? ती हळदीच्या पाटावर बसलेली असेल आई."

माहीत आहे. त्या दिवशी मीही भाकरीच्या तव्यापाशी होते.

२५ एप्रिल

एक गोष्ट राहिली होती. ह्यांचं नाव मी कधी घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात एकदा, तेही पदर तोंडावर धरून. घरात हे, अहो, वैशालीचे बाबा. आज दार लावून म्हणून बघितलं. अर्धंच आलं. पुन्हा. मोठ्याने म्हटलं तर शेजारचं कुत्रं भुंकलं.

गाण्याच्या चालीत बसवलं. बसतंय. चार अक्षरं आहेत, चाल चारचीच मागते.

२७ एप्रिल

साडी आली. हिरवी. मला हिरवी पाठवली. त्याच्या एवढंही लक्षात नाही, की ज्याने ती विकत आणली त्या ड्रायव्हरच्या लक्षात नाही? भांड्यांच्या कपाटात ठेवून दिली. उद्या माझी जुनी, पांढऱ्यावर निळे ठिपके असलेली नेसेन. ह्यांनी उरणच्या बाजारातून आणलेली.

जेवण गेलं नाही. पूर्वाचा चेहरा सारखा येतो. जाऊ नये का? नाही, जाणार.

२८ एप्रिल

आत्ताच आले. सगळं लिहायचं आहे, क्रम चुकू नये.

मांडव केवढा. झुंबरं. डीजेचे काळे डबे भिंतीएवढे. दुपारची वेळ, तरी दिवे लावलेले. मी तांदळाच्या पिठाने चौक भरला, दिवा ठेवला, बसले. शेजारी भीमाआये. पाटावर पूर्वा, पिवळी साडी. समोर ज., पांढरा सदरा, हातात केळीच्या पानांची चवड. कंपनीचा माणूसही होता, पहिल्या रांगेत, सोफ्यावर.

शूटिंगवाला म्हणाला, "मावशी, जरा शॉर्टमध्ये घ्या ना, ड्रोन फार वेळ नाही टिकत."

भीमाआये म्हणाली, "तुजा डोन घाल खड्ड्यात."

देव बोलावले. गावदेवी, वेताळ, वेशीवरचा, बांधावरचा. एकाचंही देऊळ आता जागेवर नाही, पण म्हाताऱ्या बायका प्रत्येक नावाला मान वळवून त्या त्या दिशेला हात जोडत होत्या. एकीने पार्किंगकडे हात जोडले. तिथेच होता वेताळ.

मग मेलेले. ज. चा आजा. "कशानी गेला?" "म्हातारपनानं." पान. बाप. "कशानी गेला?" "दम्यानं." पान. धाकटा भाऊ. "तापानं." पान. ज. पाठ केल्यासारखं म्हणत होता, एका हातात फोन.

मग मी नाव घेतलं. काशिनाथ.

आवाज फुटला नाही. मला वाटलं होतं फुटेल. सरळ गेला, बांधावरून हाक मारावी तसा. काशिनाथ रामा, ये मांडवा, ये बस पानावर. यो कशानी गेला गो बाय, यो कशानी गेला?

बायकांच्या बांगड्यांचा आवाज थांबला. आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. दुसऱ्याचा माणूस ह्या घरात बोलावला म्हणजे तो ह्या घराच्या कामाला मेला. सगळ्यांनी एकदम ज. कडे बघितलं.

ज. माझ्याकडे बघत होता. हातातला फोन खिशात घातला. मी पुन्हा विचारलं. चालीत. यो कशानी गेला?

डीजेवाला मागून, "शेठ, सुरू करू का?" कोणीतरी त्याला दाबलं.

ज. खाली वाकून मला म्हणाला, "वयनी, पाया पडतंव. पोरीकडं बघ."

बघितलं. पूर्वा रडत नव्हती. बापाकडे बघत होती. म्हणाली, "पप्पा, सांगा ना. काका कशाने गेले?" तिला खरंच माहीत नव्हतं का? का माहीत असून विचारलं? तिच्या तोंडावरून कळलं नाही. अजून कळत नाही.

मी तिसऱ्यांदा विचारलं.

भीमाआयेने काठी आपटली. "बोल रे. दारूनी गेला असंल तं दारूनी बोल. देवासमोर बोल."

ज. म्हणाला, "पान्यानं."

हळू म्हणाला. मी गायचं थांबवून नुसतं म्हटलं, "मोठ्यानं. त्यांना कमी ऐकू यायचं."

"पान्यानं गेला. पान्यानं."

मग पान मांडलं. सोन्याचं कडं पानावर आपटलं, भात सांडला. तो त्याने बोटांनी गोळा करून पुन्हा पानावर ठेवला. ते मी बघितलं. मी हालले नाही.

धवला पुरा केला. पोरीला हळद लागली. बायका उठताना माझ्या खांद्याला हात लावून गेल्या, बाराव्याला माझ्या दारात बसलेल्याच त्या. एक म्हणाली, "दादा पीत नव्हताच गो, आमाला म्हायती." म्हायती होतं तर एवढी वर्षं कुठे ठेवलं होतंस?

अर्धं मिळालं. दारू धुतली. पण पाण्यावर कोणी धाडलं, ते तो बोलला नाही. गाण्यात तो प्रश्न नाही. सासूबाईंनी शिकवला नाही.

वाटलं होतं, घरी येऊन झोप लागेल.

२९ एप्रिल, सकाळ

अक्षर वाकडं येईल, वही मांडीवर आहे.

लग्न बाराच्या मुहूर्ताला. ओहोटी सकाळचीच होती म्हणून ज. च्या दारात गेले. पानं सोडायला निघतील, लांबून बघावं म्हटलं. गाड्यांना फुलं लावणं चाललं होतं. ज. चा ड्रायव्हर टोपलीत सगळी पानं घेऊन फाटकातून बाहेर आला. आजा, बाप, भाऊ आणि वर ह्यांचं.

"शेठ?"

"शेठला टाइम नाय मावशी. म्हनाले, तूच सोडून ये खाडीत. मी आता तिकडून डेकोरेशनवाल्याला पन घेऊन येनार."

बाकीची पानं त्याच्या घरची, त्याची तो बघेल. मी टोपलीतून ह्यांचं पान उचललं. ज. ची मोठी गाडी दारातच उभी होती, झेंडूचे हार घातलेली, लॉक नव्हती. पुढच्या सीटवर बसले. पान समोर काचेपाशी ठेवलं, प्लॅस्टिकच्या गणपतीशेजारी. पिशवीतून वही काढली.

ड्रायव्हरला म्हटलं, शेठला सांग, हे पान त्यानेच सोडायचं, उघाडीवर जायचंय. मी गाडीत बसलेय.